कुऱ्हाड पुन्हा काढली

चाचा पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले तेव्हा त्यांनी हात धुतले, माझ्या बायकोची विचारपूस केली आणि शर्टाच्या खिशातून टेप काढून आमच्या स्वयंपाकघराचं दार मोजलं.

"सहाशे नव्वद मिलिमीटर," ते म्हणाले. "मग फ्रिज आत कसा नेलात?"

फ्रिज आम्ही चौकट उखडून आत नेला होता, आणि चौकट पुन्हा बसवल्यावर घरमालकाला कळू नये म्हणून तिला रंगही दिला होता. दोन वर्षांत ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. चाचा पाच मिनिटांत तिथवर पोचले, आणि मग काही झालंच नाही अशा चेहऱ्याने आमटी-भात जेवले.

कंपनीत त्यांना सगळे चाचाच म्हणत. बहारीनमध्ये अस्करला अॅल्युमिनियमच्या कारखान्याशेजारी आमच्या कंपनीचं ऑफिस होतं. कारखान्यातल्या पाइपलाइनी आणि पंप यांची दुरुस्ती हे आमचं काम. चाचा तिथे मुख्य ड्राफ्ट्समन होते. मूळचे महाडजवळच्या एका खेड्यातले. तरुणपणी दुकानांच्या पाट्या रंगवत होते, मग ड्राफ्ट्समनचा कोर्स केला, मग बहारीन. मी तिथे पोचलो तेव्हा त्यांना वीस वर्षं झाली होती. मी पुण्याहून आलेला, अठ्ठावीस वर्षांचा इंजिनिअर. अठ्ठाविसाव्या वर्षी पुण्याच्या माणसाला जितक्या गोष्टींची खात्री असते तितक्यांची मलाही होती. चाचांनी मला पहिल्याच दिवशी 'पुणेकर' हे नाव ठेवलं आणि शेवटपर्यंत बदललं नाही.

उंच, हडकुळे, पांढरा शर्ट. एका खिशात सहा इंची पोलादी पट्टी, दुसऱ्यात टेप. दोन्ही खिसे कायमचे लोंबलेले. कुणी काहीही सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न असे: "टेप लावलास?" शारजाच्या सामन्यात कुणाचा षटकार शंभर मीटर गेला, टेप लावलास? सौदीच्या पुलावर दोन तास गाड्यांची रांग होती, टेप लावलास? सुरुवातीला मला वाटलं हा विनोद आहे. विनोद नव्हता. एखाद्याने खरोखर टेप लावला असता तर त्यांनी वही काढून आकडा लिहून घेतला असता.

त्यांचा कामातला नियमही हाच. जे स्वतः बघितलं आणि मोजलं तेवढंच कागदावर. भिंत वाकडी असेल तर ड्रॉइंगमध्ये वाकडी. एका ऑगस्टमध्ये कन्सल्टंटच्या नकाशावरून एक पाइपलाइन काढून द्यायची होती. बाहेर इतकी दमट उष्णता होती की गाडीचं दार उघडलं तर चष्म्यावर धुकं यायचं. मी म्हटलं, "चाचा, नकाशा आहे ना, त्यावरूनच काढा." चाचा म्हणाले, "मी बघितलं नाय, मी काढणार नाय." गेले, दोन तासांनी परत आले, शर्ट पिळून वाळत टाकला आणि सांगितलं की नकाशात जो व्हॉल्व्ह उत्तरेला आहे तो जागेवर दक्षिणेला आहे. नकाशावर विसंबून पाइप कापला असता तर कापणारे दोघं आज असते की नाही, सांगता येत नाही. या प्रकाराबद्दल कंपनीने कन्सल्टंटला आभाराचं पत्र पाठवलं. का ते मला अजून समजलेलं नाही.

कंप्युटर आला तेव्हा सगळ्यांना वाटलं, चाचांचे दिवस भरले. चाचांनी सहा आठवड्यांत तो शिकून घेतला आणि मल्याळी पोरांना शिकवायलाही लागले. फक्त एक तक्रार कायम राहिली. "ह्याला रेघ मारताना लाज वाटत नाय," ते म्हणत. "माणसाचा खोटी रेघ मारताना हात जरा तरी अडतो."

असा माणूस समारंभाच्या कामाचा नाही, हे आमच्या मराठी मंडळींना कळायला हवं होतं. एका महाराष्ट्र दिनाला रंगमंचामागे रायगडाचा महादरवाजा हवा होता. चाचा रायगड जिल्ह्यातले, हात चांगला; त्यांना बोलावलं. कार्यक्रमाचे अध्यक्ष एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते आणि त्या दिवसांत एसी हॉलमध्येही फेटा बांधून बसत.

"चाचा, दरवाजाच्या दोन्ही बाजूंना हत्ती हवेत," अध्यक्ष म्हणाले.

"हत्ती वर चढला कसा?"

"लहान असताना नेले होते. वर गेल्यावर मोठे झाले. इतिहास आहे."

"असतील," चाचा म्हणाले. "मी गेलो तेव्हा नव्हते."

कोर्सला असताना ते टेप घेऊन गडावर गेले होते आणि ती वही त्यांच्याकडे अजून होती. पडद्यावर त्यांनी महादरवाजा काढला तो तसाच: निखळलेले दगड, सांधीत उगवलेलं गवत, एका बाजूला लांबलचक भेग. एका बुरुजाच्या माथ्यावर त्यांना चढता आलं नव्हतं, तो भाग त्यांनी तुटक रेघांनी काढला. तुटक रेघ म्हणजे, हे मी पाहिलेलं नाही. अध्यक्षांचं भाषण 'अभेद्य' या शब्दाभोवती रचलेलं होतं आणि त्यांच्या डोक्याच्या बरोबर मागे ती भेग होती. कार्यक्रमानंतर मात्र महाडकडचे एक म्हातारे गृहस्थ, मुलाकडे राहायला आलेले, काठी टेकत रंगमंचावर चढले आणि पडद्यावरच्या भेगेवर बोट ठेवून म्हणाले, "इथंच आम्ही पाण्याचा तांब्या ठेवायचो." माझ्या माहितीत त्या संध्याकाळी रायगडाबद्दल कुणी खरं बोललं असेल तर ते एवढंच.

आता त्या चित्राबद्दल.

आमचे जनरल मॅनेजर अमेरिकन होते आणि जनाबियाला एका मोठ्या व्हिलात राहत. त्यांच्या दिवाणखान्यात सात फूट बाय पाच फुटांचं एक तैलचित्र होतं. जंगलाच्या कडेला लाकडी ओंडक्यांचं घर जळतंय. समोर एक गोरी बाई गुडघ्यांवर, कडेला मूल. तिच्या मागे उघड्या अंगाचा, डोक्यात पिसं खोवलेला एक माणूस. त्याने डाव्या हातात तिचे केस धरलेत आणि उजवा हात वर उचललाय, त्यात कुऱ्हाड. लांब टेकडीवरून निळ्या कोटातले घोडेस्वार येताहेत. ते वेळेवर पोचणार की नाही, हे चित्रकाराने सांगितलेलं नव्हतं. चौकटीखाली पितळेच्या पट्टीवर एका खोऱ्याचं नाव, आणि पुढे 'कत्तल' असा शब्द.

दरवर्षी पार्टीला जनरल मॅनेजर त्या चित्राखाली उभे राहून भाषण करत. ती बाई त्यांच्या पणजीची बहीण. त्यांचं घराणं म्हणजे असं सोसून, असं लढून उभं राहिलेलं. आणि कंपनीचंही तसंच असायला हवं. मग आम्हा भारतीयांकडे वळून ते म्हणत, "हे रेड इंडियन, तुमच्यातले इंडियन नव्हेत हं," आणि हसत. आम्हीही हसत असू. मी पुस्तकं वाचणारा माणूस. त्या खोऱ्यात आधी कोण राहत होतं आणि नंतर कोण राहायला आलं, याची मला थोडीफार कल्पना होती. पण हातात त्यांच्याच घरचा ग्लास होता आणि माझ्या व्हिसाच्या कागदांवर त्यांचीच सही असायची. अशा वेळी वाचन फारसं उपयोगी पडत नाही.

चाचांनी ते चित्र कधी पाहिलं नव्हतं. ड्राफ्ट्समनना पार्टीचं बोलावणं नसे.

एका उन्हाळ्यात जनरल मॅनेजर सुट्टीवर गेले असताना व्हिलाच्या छतातला एसी गळायला लागला. पाणी तीन आठवडे चित्रावरून ओघळत होतं. ते परत आले तेव्हा वरच्या भागातला रंग पापुद्र्यांनी सुटून खाली पडला होता. बाई वाचली होती, घोडेस्वार वाचले होते. पण त्या माणसाचा उजवा हात कोपरापासून पुढे नाहीसा झाला होता, कुऱ्हाडीसकट. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेहून मुख्य कंपनीचे चेअरमन यायचे होते आणि त्यांचं जेवण याच चित्रासमोर ठरलेलं होतं. चित्र दुरुस्त करणारा माणूस बहारीनमध्ये मिळेना. ऑफिसातून कुणीतरी चाचांचं नाव सुचवलं.

चाचा गाडी चालवत नसत. "बाकीचे चालवतात ते अंदाजाने," असं कारण देत. म्हणून जनाबियाला त्यांना मी नेलं. वाटेत त्यांनी पहिल्यांदा स्वतःबद्दल काही सांगितलं.

"डिसेंबरात साठ पुरी होतात माझी. साठला कंपनी घरी पाठवते."

"एक्स्टेन्शन मागा की."

"मागितलंय. दोन वर्षांचं. जूनपासून पत्र साहेबाच्या टेबलावर हाय, सही नाय." मग म्हणाले, "पोरगी बारावीला हाय. मार्चमध्ये बोर्ड. मी डिसेंबरात गेलो तर तिचा व्हिसा पण जातो. मधेच शाळा सोडून जाईल कुठे ती?"

मी म्हटलं, "मग हे चित्र नीट करून द्या. सही होऊन जाईल."

"तेच म्हणतो मी पण," चाचा म्हणाले, आणि खिडकीतून बाहेर बघत बसले.

व्हिलात पोचल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते टेप काढण्याचं. जनरल मॅनेजर हसू दाबत बघत राहिले. चाचांचं इंग्रजी ड्रॉइंगवरच्या मजकुरासारखं होतं: थोडं, नेमकं आणि जणू सगळं कॅपिटल अक्षरांत. "फर्स्ट सर्व्हे," ते म्हणाले. "देन पेंट." पुढचे दोन शुक्रवार ते नुसतं मोजत होते आणि ट्रेसिंग पेपरवर उतरवत होते. तिसऱ्या शुक्रवारी त्यांनी मला शिडीवर बोलावलं आणि हातात भिंग दिलं.

"पुणेकर, रंग गेलाय तिथं बघ. काय दिसतं?"

"कॅनव्हास."

"कॅनव्हासवर काय दिसतं?"

फिकट करड्या रेघा होत्या. चित्रकाराने रंग देण्याआधी काढलेल्या.

"हात आहे," मी म्हटलं.

"बोटं किती?"

मोजली. "पाच. सुटी सुटी आहेत. तळवा घोडेस्वारांच्या बाजूला."

"मूठ हाय?"

"नाही."

"कुऱ्हाड धरायला मूठ लागते," चाचा म्हणाले.

मी शिडीवरून उतरलो. आपण 'थांबा' म्हणताना हात करतो, तसा तो हात होता. मला एकदम पुष्कळ काही सुचलं, सगळं पुस्तकी. "चाचा, म्हणजे तो तिला मारत नव्हताच. त्यांना थांबवत होता."

"ते मला काय माहीत? मी तिथं नव्हतो. काढणारा पण नव्हता." त्यांनी भिंग पुसून खिशात टाकलं. "एवढंच कळतं, की आधी हात मोकळा काढला. मग कुणीतरी सांगितलं, कुऱ्हाड दे."

"कोणी सांगितलं असेल?"

"क्लायंटने. दुसरं कोण सांगतं?"

हे त्यांनी जनरल मॅनेजरांनाही सांगितलं, शिडीवर चढवून दाखवलं. त्यांनी भिंगातून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि खाली येऊन पार्टीतला एक फोटो आणून दिला. फोटोत चित्र स्वच्छ दिसत होतं. "मला हे हवंय," ते म्हणाले. "या फोटोत आहे तसं. कुऱ्हाडीसकट."

"येस सर," चाचा म्हणाले.

माझी थोडी निराशा झाली, हे कबूल करतो. दुसऱ्याने बाणेदारपणा दाखवावा असं आपल्याला फार वाटत असतं. गाडीत मी म्हटलं, "तुम्ही सरळ हो म्हणालात?"

"क्लायंट सांगतो ते काढायचं. आपला धंदा हाय तो."

"आणि खाली जे दिसलं ते?"

"काय बदललं, कोणाच्या सांगण्यावरून बदललं, ते लिहायचं. तो पण धंदाच हाय."

हे लिहायचं म्हणजे काय, ते सांगायला हवं. एखादं ड्रॉइंग एकदा मंजूर होऊन गेलं की त्यात गुपचूप बदल करता येत नाही. जिथे बदल केला त्याच्याभोवती ढगासारखी नागमोडी रेघ काढायची, शेजारी लहान त्रिकोणात रिव्हिजनचं अक्षर घालायचं, आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात तक्ता करून त्यात नोंद करायची: कुठली रिव्हिजन, काय बदललं, कुणाच्या आदेशावरून. शेवटी तीन चौकोन. काढणारा, तपासणारा, मंजूर करणारा. चाचांच्या हाताखाली शिकलेल्या एकाही पोराने हा नियम कधी मोडला नसेल. पण हा नियम तैलचित्राला लागू होतो असं आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

काम संपलं त्या शुक्रवारी मी त्यांना आणायला गेलो. दहा फुटांवरून चित्र असं जमलं होतं की पाणी पडलंच नव्हतं म्हणावं. हाताचे स्नायू, कुऱ्हाडीच्या पात्यावर आगीची लाल चमक. कुऱ्हाडीभोवती करड्या रंगाचं एक वलय होतं. मला वाटलं, घराचा धूर. वलयाशेजारी बाणाच्या टोकासारखं काहीतरी. जवळ गेलो तर धूर ठरावीक अंतराने नागमोडी होता, आणि बाणाच्या टोकात 'सी' लिहिलं होतं.

मग मी खाली कोपऱ्यात पाहिलं. गवतावर, बाईच्या झग्याजवळ, पांढऱ्या रंगात, छापल्यासारख्या बारीक अक्षरांत तक्ता होता. रिव्हिजन ए: हात मोकळा काढला, चित्रकार. रिव्हिजन बी: कुऱ्हाड घातली, आदेश कुणाचा ते माहीत नाही. रिव्हिजन सी: कुऱ्हाड पुन्हा काढली, जनरल मॅनेजर यांच्या आदेशावरून. खाली तीन चौकोन. 'काढणारा' मध्ये चाचांची आद्याक्षरं. 'मंजूर' मोकळा. आणि 'तपासणारा' मध्ये माझी.

"चाचा, हे काय?"

"तू भिंगातून बघितलंस ना?"

बघितलं होतं. बोटंही मोजली होती. पण माझं कॉन्ट्रॅक्ट जानेवारीत संपत होतं, बायकोला सातवा महिना होता, आणि ती तीन अक्षरं जनरल मॅनेजरांच्या दिवाणखान्यात कायमची राहणार होती.  मी दाराकडे पाहिलं. चाचांनी माझ्याकडे पाहिलं, चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि माझी अक्षरं पुसून टाकली.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "टेप मी लावला. तू कुठं लावलास?"

इतक्या सभ्यपणे मला आजवर कुणी मोकळं केलेलं नाही. त्यांच्या आवाजात टोमणा असता तर बरं वाटलं असतं.

जनरल मॅनेजर आले, लांबूनच खूष झाले, चाचांच्या पाठीवर थाप मारली, आणि मग जवळ गेले. तक्ता वाचायला त्यांना बराच वेळ लागला. माणसं चिडली की इंग्रजीत फार नम्र होतात. ते नम्रपणे म्हणाले, "हा कोपरा पुसून टाक."

"येस सर. इन्स्ट्रक्शन इन रायटिंग."

"लेखी कशाला?"

"रिव्हिजन डी," चाचा म्हणाले. "टेबल रिमूव्ह्ड. बाय जनरल मॅनेजर." आणि मग त्यांना स्वतःलाच अडचण दिसली. ते माझ्याकडे वळून मराठीत, अगदी मनापासून म्हणाले, "पण ते लिहायला तक्ता लागेल रे."

मी याचं भाषांतर केलं नाही.

जनरल मॅनेजरांनी शेवटी जे सांगितलं ते स्पष्ट होतं. एक्स्टेन्शनचं पत्र त्यांच्या टेबलावर आहे. शनिवारी सकाळी कोपरा स्वच्छ दिसला तर शनिवारी दुपारी सही.

आम्ही नईम भागात चाचांच्या घरी आलो. शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्या. चाचीही गावाहून आल्यापासून तिथेच. मुलगी जमिनीवर ड्रॉइंग बोर्ड घेऊन बसली होती. तिने बारावीला इंजिनिअरिंग ड्रॉइंग घेतलं होतं. चाचांनी तिला सगळं सांगितलं, क्रमाने, काही न गाळता. मला वाटतं, घरी येऊन खोटं बोलायचं असतं हेच त्या माणसाला ठाऊक नव्हतं.

ती एरवी इंग्रजीतच बोलायची. त्या दिवशी मराठीत बोलली.

"एका कोपऱ्यासाठी? अब्बा, माझं बोर्ड आहे."

"ठाऊक हाय."

"माझ्या सगळ्या मैत्रिणी इथे आहेत. टीचर्स इथे आहेत. गावाला मी काय करू? तिकडे ड्रॉइंग शिकवणारं तरी कुणी आहे का?"

"मी हाय की."

"जोक करू नका."

चाची आतून म्हणाल्या, "पुसा ना एकदाचं ते. भिंत कोणाची, चित्र कोणाचं, नि आपण का मरायचं?"

 मुलगी पेन्सिलीचं टोक कागदावर दाबत बसली होती. मग तिने विचारलं, "लिहिलंय त्यात चुकीचं काही आहे?"

"नाय."

"एक पण शब्द?"

"नाय."

"मग पुसू नका," ती म्हणाली. "पण मला हे आवडलंय असं समजू नका." आणि बोर्ड उचलून आत गेली.

शनिवारी चाचा गेले, कोपरा पुसला नाही. एक तोड मात्र सुचवली: कुऱ्हाडच काढून टाकतो, म्हणजे बदल उरत नाही आणि तक्त्याची गरज उरत नाही. जनरल मॅनेजर म्हणाले की कुऱ्हाड हेच ते चित्र आहे. हे मात्र दोघांनाही पटलेलं दिसलं. पुसायला दुसरा माणूस मिळेना, कारण पणजीच्या बहिणीजवळ टर्पेंटाइन न्यायला कुणी तयार नव्हतं. शेवटी सुताराला बोलावून खालची चौकट चार इंचांनी रुंद करून घेतली. तक्ता लाकडाखाली गेला. चेअरमन आले, एक समोसा संपायला लागतो तेवढा वेळ चित्र पाहिलं आणि बाथरूम कुठे आहे ते विचारलं.

पत्रावर सही झाली नाही. डिसेंबरात निरोपसमारंभ झाला. जनरल मॅनेजरांनी चाचांच्या अचूकपणाबद्दल सात मिनिटं भाषण केलं आणि त्यांना घड्याळ दिलं. चाचांनी आभार मानले, घड्याळ आपल्या घड्याळाशी लावून बघितलं, आणि काटा दोन मिनिटं पुढे केला. नव्याचा.

शाळेने एक चांगली गोष्ट केली: मुलीला परीक्षेला बसू दिलं, फक्त त्या वेळी तिने बहारीनमध्ये असायला हवं. माझं कॉन्ट्रॅक्ट जानेवारीत वाढलं होतं; फेब्रुवारीत मी तिच्यासाठी माझ्या नावावर व्हिजिट व्हिसा काढला. फॉर्मवर जामीनदार म्हणून सही करायची होती, ती केली. फार मोठं काही केलं नाही. इमिग्रेशनच्या खिडकीत जनरल मॅनेजर बसत नाहीत. ती दीड महिना आमच्याकडे राहिली, आमच्या दीड महिन्याच्या मुलीच्या रडण्यात अभ्यास करत. वडिलांवरचा तिचा राग गेला नव्हता. त्यांचा फोन आला की दोन वाक्यं बोलायची आणि रिसीव्हर माझ्या बायकोकडे द्यायची.

शेवटचा पेपर ड्रॉइंगचा होता. तो झाल्यावर मी तिला शाळेतून घरी आणलं.  घरी येऊन तासभर होतोय तोच फोन वाजला. चाचा गावच्या पोस्टाजवळच्या बूथवरून बोलत असत आणि इतकं ओरडून, की त्यांना खरं तर फोनची गरज नव्हती.

"पेपर कसा गेला?"

"बरा," ती म्हणाली. मग, "एका प्रश्नात वस्तूच्या डेप्थचं माप दिलं नव्हतं, अब्बा. तिसरा व्ह्यू नाही काढला मी. लिहिलं, डायमेन्शन नॉट गिव्हन."

पलीकडचं ओरडणं मलाही स्पष्ट ऐकू येत होतं.

"काढलाच नाय?"

"कसा काढणार? दिलंच नव्हतं."

"अगं, बोर्डाची परीक्षा ती. बाकीच्या दोन व्ह्यूंवरून काय तरी धरायचं नि काढून मोकळं व्हायचं."

"काय तरी?" ती म्हणाली. "अब्बा, काय तरी?"

तिला हसू येत होतं की रडू, ते मला तिच्या पाठीवरून कळलं नाही. तिने रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि बाळाला उचलून बाल्कनीत गेली.

"पुणेकर," चाचा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. इतक्या वर्षांत मी तो तसा ऐकलेला नव्हता. "किती मार्क जातील रे?"

मी प्रश्नपत्रिका पाहिलेली नव्हती. "चार," मी म्हणालो.

"चारच ना?"

"चारच."

"बरं," चाचा म्हणाले. "चार गेले तर काय फार नाय." आणि त्यांनी फोन ठेवला.